एकतीस नंबरचा तळवा

१

बुधवारी सकाळी साडेनऊला चारूने मला दवाखान्यातून हाक मारली. हाक अहिराणीत आली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय.

"मामा, आठे या! आतेच या!"

डॉक्टर चारुलता ही माझी सख्खी भाची. पुण्याला शिकली. पेशंटशी अगदी धुतलेलं मराठी बोलते, पण घाबरली की थेट आमच्या धानोऱ्याला पोचते. नवापुरात तिचा त्वचेचा दवाखाना आहे आणि त्याला लागून माझं औषधाचं दुकान. मी हेमकांत पाटील, वय एकोणसाठ, जन्माचा भित्रा. घरात पाल निघाली तर बायको आधी मला बाहेर काढते, मग पालीला. हे आधीच सांगून ठेवतो. पुढच्या हकिकतीत मी काही शौर्य गाजवलं असेल अशी आशा कुणी धरू नये.

मी आत गेलो. चारू कॉम्प्युटरसमोर बसली होती. आदल्या दिवशी डोंगराकडच्या एका गावात आमचा कॅम्प झाला होता. होळीला घरी आलेली माणसं गुजरातेत कामाला परत जाण्याआधी तपासून घ्यायची, म्हणून दरवर्षी ती हा कॅम्प घेते. शाळेच्या ओट्यावर बेचाळीस पेशंट झाले होते.

तिच्याकडे हातात मावेल असं एक भिंग आहे, डर्मोस्कोप. आत दिवा असतो आणि कातडी दहा पट मोठी दिसते. खरजेचा किडा कुठल्या बिळात बसलाय, केस मुळातून गेलाय की तुटलाय, तीळ साधा आहे की घातकी, हे ती त्यातून बघते. मागे दवाखान्याचा मोबाइल लावला की फोटोही निघतो. आधी केसपेपरचा फोटो काढायचा, मग कातडीचा. म्हणजे कोणता फोटो कुणाचा ते कळतं. संध्याकाळी तिची मदतनीस प्रिस्किला ते फोटो ज्याच्या त्याच्या नावाखाली टाकते आणि सकाळी चहा घेता घेता चारू सगळे पुन्हा नीट बघते.

"हाई देखा," ती म्हणाली.

पडद्यावर पायाचा तळवा होता, दहा पट मोठा. त्यावर नांगरलेल्या शेतासारख्या समांतर रेघा आणि मधोमध काळा-तपकिरी डाग. मला त्यात ओ का ठो कळलं नाही.

"मामा, तुम्ही सरी-वरंबा पाडून कापूस लावलाय ना? तळव्याची कातडी तशीच असते. साधा तीळ असला तर रंग सरीत बसतो, पाणी बसावं तसा. इथं बघा. सऱ्या कोरड्या आहेत आणि रंग सगळा वरंब्यांवर चढलाय. कुठं काळा, कुठं तपकिरी, कुठं राखाडी, पट्टे कमीजास्त रुंदीचे." तिने पडद्यावरून बोट काढलं. "हा कॅन्सर आहे. तिळाचा कॅन्सर, तळव्यावरचा."

प्रिस्किला चहा घेऊन दारात उभी होती. आठ वर्षं ती चारूच्या हाताखाली आहे. शांत, कामात चोख. तिने कप टेबलावर ठेवला.

"नक्की, मॅडम?"

"शंभर टक्के तुकडा तपासल्यावरच सांगता येतं. पण मी पैज लावीन. अजून तो वर वाढलेला दिसत नाही. आज काढला तर माणूस वाचेल. खोल गेला की मग कुणाच्या बापाला आवरत नाही."

"हे लोक कामाला निघून जातात हो मॅडम," प्रिस्किला म्हणाली. "पोळ्यापर्यंत थांबला तर चालेल का?"

"पोळ्यापर्यंत?" चारू जवळजवळ ओरडलीच. "रेवाबाई आठवते ना?"

रेवाबाई मलाही आठवत होती. सातपुड्यातली म्हातारी. टाचेवरच्या काळ्या डागाला भोवरी समजून बाजारातला कुणी तरी वर्षभर तासत राहिला, आणि ती चारूकडे आली तेव्हा जांघेत गाठी आल्या होत्या. चारू तिला प्रत्येक खेपेला "बरं वाटेल हं आजी" म्हणायची. शेवटचे दोन महिने प्रिस्किला तिचा हात धरून बसायची. ते दिवस आठवले की माझी भूक अजून मरते.

"नाव काय या पेशंटचं?" मी विचारलं.

"नंबर एकतीस. अब्राहाम. वय पस्तीस. हाताच्या खरजेसाठी आला होता."

प्रिस्किला हळूच म्हणाली, "तो आज सकाळच्या गाडीने सुरतेकडे जाणार होता. गेलाही असेल."

२

आमचा ड्रायव्हर लोटन गाडी पुसत होता. मी त्याला हाकललं स्टेशनवर.

"लोटन, कशी बी कर, पण त्याले लई ये."

"नई उना तं?"

"उचलीसन आण!"

तो गेला आणि दवाखान्यात सुतकी शांतता पसरली. बाहेर चार पेशंट बसले होते. चारू एकेकाला बघत होती, पण नजर दाराकडे. मी दुकानात जाऊन एका बाईला खोकल्याच्या औषधाऐवजी केसांचं तेल देऊन बसलो. मनात एकच घोळत होतं. एक माणूस गाठोडं घेऊन फलाटावर उभा आहे. त्याच्या पायाखाली मरण आहे आणि तो त्याच्यावरच भार टाकून उभा आहे.

अकराच्या सुमाराला लोटनची गाडी आली.

"भेटना, मामा! डब्बामां चढी ऱ्हायना व्हता, हात धरीसन लई उनू."

मागून अब्राहाम उतरला. काटकुळा माणूस, खांद्यावर गाठोडं, चेहरा भेदरलेला. "डॉक्टरबाई, मी काय केलं? मुकादम वाट बघतो तिकडं."

"काही नाही केलंस. झोप इथं. पाय दाखव."

"पाय? मी तर हात दाखवला होता, बाई. खाज."

चारूने त्याचा डावा पाय धरला. भेगाळलेला, रापलेला तळवा, भेगांमध्ये लाल माती. मग उजवा. तिने ओल्या कापसाने दोन्ही पुसले, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं, टाचेच्या कडा पाहिल्या, भिंग लावून इंच न् इंच पाहिला. 

शेवटी तिने भिंग खाली ठेवलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "याच्या पायावर तीळसुद्धा नाही."

अब्राहाम खुशीत हसला. मला मात्र हसू येईना. तळवा त्याचा नव्हता. पण कुणाचा तरी होता.

३

अब्राहामला मलम देऊन दुपारच्या गाडीला पोचवायला लोटन गेला. चारूने प्रिस्किलाला आत बोलावलं.

"काल फोटो कुणी टाकले?"

"मीच, मॅडम. सगळे क्रमाने. चूक झाली असेल तर माझीच." तिचा आवाज सरळ होता, फक्त ओठ कोरडे दिसत होते. "बेचाळीस जणांना परत बोलावू का? यादी आहे माझ्याकडे."

"निम्मे आत्तापर्यंत गुजरातेत असतील," मी म्हणालो. "आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावणार?"

चारूने हात वर करून मला गप्प केलं आणि पुन्हा फोटोकडे वळली. प्रिस्किला बाहेर पेशंटची नावं पुकारायला गेली. चारू फोटो लहान-मोठा करून निरखत राहिली. तिच्या आईची, म्हणजे माझ्या बहिणीची हीच खोड. तांदूळ निवडताना बोलायची नाही, खडा सापडला की मगच मान वर.

"मामा, काल दुपारी जेल संपलं तेव्हा काय वापरलं आपण?"

भिंग आणि कातडी यांच्यामध्ये काहीतरी ओलं लागतं, नाहीतर चकाकी येते. रोज आम्ही जेल वापरतो. काल कॅम्पात बाटली संपली होती.

"खोबरेल. शाळेच्या बाईंनी दिलं."

"बरोबर. एकतीस नंबर दुपारचा. हे त्याच्या हाताचे दोन फोटो बघा, पिवळसर, तेलकट. आणि हा तळवा? स्वच्छ पांढरा उजेड, कडेला जेलचे बारीक बुडबुडे."

"मग सकाळच्या कुणाचा असेल. तेव्हा जेल होतं."

"मीही तेच म्हटलं. पण ही कातडी बघा. भेग नाही, सरीत मातीचा कण नाही. अब्राहामचा पाय आत्ताच बघितला ना तुम्ही? कॅम्पातले सगळे पाय तसेच होते. अनवाणी नाहीतर चपलेतले." तिने फोटो आणखी मोठा केला. डागाच्या बाजूला केसाएवढा बारीक निळा धागा चिकटला होता. "आणि हा मोज्याचा धागा आहे. मार्च संपत आलाय, ऊन मी म्हणतंय. डोंगरातला कोणता पेशंट मोजे घालून आला होता?"

"कुणीच नाही."

"म्हणजे हा फोटो कॅम्पातला नाहीच. काल संध्याकाळी आपण परत आलो, तुम्ही जेलची नवी बाटली काढून दिलीत, आणि माझं डोकं दुखत होतं म्हणून मी घरी गेले. त्यानंतर इथं, या खोलीत, हा फोटो निघाला." तिचा आवाज खाली आला आणि पुन्हा अहिराणी आली. "मामा, हाऊ पाय आपलामाधला कोना तरी शे."

मी नकळत खाली बघितलं. टाचा फुटतात म्हणून मी बारा महिने मोजे घालतो. त्या दिवशी घातलेले निळे होते.

४

खरं सांगतो, मी आधी खुर्ची गाठली. मी स्वतः फोटो काढला नव्हता हे मला ठाऊक होतं. पण भीतीला अक्कल असती तर ती भीती कसली? काल संध्याकाळी दुकानात डुलकी लागली होती, तेव्हा कुणी काढला असेल तर? मी मोजे काढले.

चारूने दोन्ही तळवे पाहिले. मी डोळे मिटून कुलदेवतेला नारळ बोललो.

"भेगा आहेत. मलम लावत नाही तुम्ही. दुकान तुमचं आणि टाचा अशा!"

जीव भांड्यात पडला आणि लगेच लाजही वाटली. माझा नाही म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी होता.

लोटन परतला. आमचं पुरतं ऐकण्याआधीच त्याने चपला काढल्या. "मन्हा पाय देखाले काय शे? जनममां मोजा घाला नई मी." त्याच्या पायावर काट्याची जुनी खूण होती, बाकी काही नाही.

"काल संध्याकाळी इथं आणखी कोण होतं?" चारूने विचारलं.

लोटनने आठवून सांगितलं. तो मागच्या अंगणात गाडी धूत होता. प्रिस्किला कॉम्प्युटरवर होती. मी दुकानात. आणि नवनीत आला होता.

नवनीत म्हणजे औषध कंपनीचा माणूस. दर मंगळवारी नमुने घेऊन येतो. तरुण, चकचकीत बूट, जिभेवर साखर. चारूने फोन केला तेव्हा तो गावातच होता. वीस मिनिटांत हजर.

"काल तू माझ्या खोलीत बसला होतास?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "मॅडम, चुकलं. प्रिस्किलाताई मागे हात धुवायला गेल्या तेव्हा मी भिंग उचललं होतं. दोन मिनिटं. हाताचे केस बघत होतो."

"पायाचा तळवा बघितलास?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला कसं कळलं?"

मी भिंतीला टेकलो. चारू अगदी हळू म्हणाली, "बूट काढ, नवनीत."

त्याने बूट काढला. निळा मोजा. मोजा निघाला आणि उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, वाटाण्याएवढा काळाकुट्ट डाग.

"महिनाभर आहे," तो पुटपुटला. "घरी कुणाला सांगितलं नाही. मुलगी दोन वर्षांची आहे हो माझी."

प्रिस्किला ट्रे धरून बाजूला उभी होती. ट्रेमधल्या काचेच्या बाटल्या किणकिणत होत्या. मला वाटलं, बिचारीला दया आली.

चारूने जेलचा थेंब टाकला, भिंग टेकवलं आणि वाकली. किती वेळ वाकली होती कोण जाणे. मग तिने छोटं पातं मागितलं आणि डागाचा वरचा पापुद्रा हलकेच खरवडला. पात्यावर काळा चुरा आला. आणखी दोनदा खरवडलं. खाली गुलाबी, निकोप कातडी.

"नवा बूट घेतलास का?"

"हो. महिना झाला."

"बुटाने चेपून रक्त साकळलं होतं. भिंगात लालसर काळे गोटे दिसतात, आणि खरवडलं की निघून येतं. तुला काही झालेलं नाही."

नवनीत तिथंच ढसाढसा रडला. जाताना त्याने बूट हातात घेतले आणि अनवाणी मोटारसायकलवर बसला. मी हसलो, पण चारू हसली नाही.

"मामा," ती म्हणाली, "आता उरलं कोण?"

५

त्या वेळी मी तिला काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, "चारू, कुठल्या तरी पुस्तकातला फोटो असेल. सोडून दे." माणूस घाबरला की असा शहामृग होतो.

तिने ऐकलंच नाही. पेशंट संपले होते. प्रिस्किला मागच्या खोलीत उपकरणं उकळत होती. चारूने दार लोटलं आणि मला फोटोसमोर बसवलं.

"या कोपऱ्यात काय दिसतं?"

"बाण. मीच कापतो ते." पांढऱ्या चिकटपट्टीचे तांदळाएवढे बाण मी फावल्या वेळात कापून ठेवतो. फोटो काढण्याआधी डागाशेजारी बाण लावायचा, टोक पायाच्या बोटांकडे. म्हणजे पुढच्या खेपेला त्याच बाजूने तुलना करता येते.

"हा बाण लावायचा असतो हे नवनीतला माहीत आहे?"

"त्याला कुठून असणार?"

"म्हणजे फोटो दवाखान्यातल्या माणसाने काढला. आता हा बाण कुठल्या दिशेला आहे?"

"उजवीकडे."

तिने जुने फोटो उघडले. दहा, वीस, तीस तळवे. प्रत्येकात बाण सरळ वर. "पेशंट झोपलेला असतो, आपण त्याच्या पायाशी उभे राहतो, बोटं वर. म्हणून बाण नेहमी वर. हा एकच आडवा. मामा, तुम्ही खुर्चीत बसा. डावा पाय उजव्या मांडीवर घ्या. आता वाकून स्वतःचा तळवा बघा. बोटं कुठं आहेत?"

मी बसलो, पाय मांडीवर घेतला, वाकलो. बोटं उजवीकडे होती.

 ज्याने फोटो काढला, पाय त्याचाच होता. आणि हाताला अशी सवय, की स्वतःच्या पायालाही बाण लावल्याशिवाय राहवलं नाही.

"पण का?" मी कुजबुजलो. "आपल्याच डॉक्टरला पाय दाखवायला काय झालं होतं?"

"तेच सकाळपासून छळतंय. एक सांगा, मामा. ती मला म्हणाली, पोळ्यापर्यंत थांबला तर चालेल का. पोळाच का? मजूर तर पेरणीला जूनमध्येच परत येतात."

मी पाय मांडीवरून खाली घेतला.

"आणि चामखिळीवर लावायचं ते काळं औषध, पोडोफायलिन. महिनाभर ते तुम्ही लावताय पेशंटना. का?"

"तीच म्हणाली, वासाने मळमळतं."

"वास नाही, मामा. ते औषध पोटुशी बाईने हाताळायचं नसतं. मीच तिला शिकवलंय." चारूने बोटं मोजली. "पोळ्याच्या आसपास दिवस भरतील. म्हणजे चौथा महिना. गेल्या वर्षी तिचं एक पडलं होतं, आठवतं?"

मागच्या खोलीत चिमटा भांड्यात पडल्याचा आवाज झाला. दार नुसतं लोटलेलं होतं. प्रिस्किलाने सगळं ऐकलं होतं.

६

ती दारात आली. पांढरे कॅनव्हासचे बूट, वर निळे मोजे. आठ वर्षं रोज ते पाय माझ्या डोळ्यांसमोरून जात होते. सकाळपासून सगळ्यांचे तळवे तपासले आणि ट्रे धरून उभ्या असलेल्या मुलीकडे मी एकदाही बघितलं नाही.

"बस, प्रिस्किला."

ती बसली नाही. "डाग जुना होता, मॅडम. लहानपणापासूनचा. हिवाळ्यात मोठा वाटायला लागला. मी भिंगातून बघितला. वरंब्यावर दिसला. मला वाटलं, मला नीट बघता येत नाही. मी काय डॉक्टर आहे?"

"मग मला का नाही दाखवलास?"

"तुम्ही खरं सांगितलं नसतं."

चारूला चपराक बसल्यासारखं झालं.

"रेवाबाईला तुम्ही रोज म्हणायच्या, बरं वाटेल. मी बाजूलाच असायची. तुमच्या मायेचं माणूस असलं की तुमचा आवाज बदलतो, मॅडम. मला माझं ऐकायचं होतं, पण परक्याचं म्हणून. अब्राहाम निघून जाणार होता. त्याला कोण शोधणार, असं वाटलं." तिचा आवाज पहिल्यांदा चिरला. "तुम्ही त्याच्यासाठी एवढं धावाल हे मनात नाही आलं."

"आणि ऐकल्यावर? सकाळी मी सांगितलं तेव्हा तरी?"

"तेव्हा पोटातल्याचा विचार आला. ऑपरेशन म्हणजे भूल, मोठी औषधं. डॉक्टर म्हणतील आधी हे काढा. एक गेलंय माझं. हे मी देणार नाही. पाच महिने काढते, मग तुम्ही काय ते करा. पाय कापा, नाहीतर आणखी काही."

"पाच महिने तुझ्याजवळ नसतील!"

"नसू देत."

 समोर दोन जीव उभे होते आणि दोन्ही त्या एका पायावर. चारू खुर्चीतून उठली, तिच्याजवळ गेली.

"ऐक. डाग कापायला पूर्ण भूल लागत नाही. फक्त पायाला सुई. पोटुशीला देता येते ती. बाळाला काही होत नाही."

प्रिस्किलाने तिच्या डोळ्यांत बघितलं. "हे खरं आहे, की रेवाबाईला सांगायच्या तसलं?"

चारूचा चेहरा असा झाला, की मी नजर वळवली.  मग बोलली ती पेशंटशी बोलते त्या आवाजात नाही, मायेच्या आवाजातही नाही. सातबारा वाचून दाखवावा तसं एकेक वाक्य.

"बाळाचं खरं आहे. पायाच्या सुईने बाळाला धोका जवळजवळ नाही. डाग काढला की तळव्याची थोडी कातडी जाईल, मांडीची लावावी लागेल. महिनाभर पाय टेकता येणार नाही. पाय कापावा लागेल असं मला वाटत नाही. तो किती खोल गेलाय ते मला माहीत नाही. भिंगातून तेवढं दिसत नाही. खोल गेला असला तर पुढे कठीण प्रश्न येतील, आणि बाळासकट येतील. तेव्हा काय करायचं ते मला आज सांगता येत नाही. तू जगशील असं वचनही देता येत नाही. थांबलीस तर मरशील, एवढं मात्र नक्की."

 मला वाटलं, एवढं कठोर ऐकून पोरगी कोसळेल. पण प्रिस्किला खुर्चीवर टेकली आणि तिने स्वतःहून डाव्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

"बघा," ती म्हणाली. "मला नीट काढता आला नसेल फोटो."

फोटो नीटच होता. चारूने भिंग टेकवलं, बघितलं आणि मान हलवली. मग त्याच खुर्चीवरून तिने सुरतेच्या डॉक्टरांना फोन लावला.

७

शेवट सांगूनच टाकतो, कारण वाचणाऱ्याला टांगून ठेवायची मला सवय नाही. शुक्रवारी डाग काढला. नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. मुळं वरच्या वर होती, अर्धा मिलिमीटरसुद्धा खोल गेली नव्हती. पुढचं औषध नको, नुसतं दर तीन महिन्यांनी भिंगाखाली यायचं. चारूने रिपोर्ट दोनदा वाचला, मग मला वाचायला लावला, आणि नंतर आम्ही दोघं उगाचच एकमेकांवर ओरडलो. पोळा झाल्यावर चार दिवसांनी प्रिस्किलाला मुलगी झाली.

पण मला त्या बुधवारची दुपारच जास्त आठवते.

सुरतेहून दुसऱ्याच दिवशीची वेळ मिळाली. आता घरी सांगणं भाग होतं. तिचा नवरा योहान कोंबड्यांच्या फार्मवर कामाला. गडी अबोल. त्याला फक्त बाळाचं माहीत होतं, पायाचं काही नाही. प्रिस्किलाने त्याला फोन लावला आणि त्यांच्या भाषेत बोलली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. ती मोजून पाच-सहा वाक्यं बोलली. पलीकडून काहीच आवाज आला नाही आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाला?" चारूने विचारलं.

"काही नाही."

आम्ही तिघं वाट बघत बसलो. मला भलभलत्या शंका येऊ लागल्या. रागावला असेल. लपवलं म्हणून भांडेल. आलाच नाही तर? लोटन दारात उभा राहून रस्ता बघत होता. अर्ध्या तासाने फार्मचा टेम्पो करकचून थांबला आणि योहान उतरला. अंगावर कामाचाच सदरा, त्याला पिसं चिकटलेली. त्याने आम्हाला रामराम केला नाही, काही विचारलं नाही. सरळ प्रिस्किलासमोर गेला.

"कोणता?" त्याने मराठीत विचारलं. बहुतेक आम्हालाही कळावं म्हणून.

तिने डावा पाय पुढे केला.

तो खाली बसला. दोन्ही हातांत ते पाऊल घेऊन त्याने तळवा बघितला. साध्या डोळ्यांना तिथं शेंगदाण्याएवढा काळपट डाग, बस्स. मग उठला, वाकला आणि तिला उचललं.

"अरे, चालता येतं मला!" प्रिस्किला संकोचून म्हणाली. "दुखत नाही काही. सकाळपासून उभीच आहे मी."

खरंच होतं. आठ-आठ तास ती त्या पायावर उभी राहत होती. पण योहानने ऐकलं नाही. दवाखान्याच्या तीन पायऱ्या तो तिला घेऊन उतरला, रस्त्यावरच्या सगळ्या लोकांसमोर, आणि टेम्पोत बसवेपर्यंत त्याने तिचा पाय जमिनीला लागू दिला नाही.